घटक ४ : वंशावळ, डीएनए चाचणी आणि खासगीपणा

४.१ प्रास्ताविक

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. नांदेड-लातूरकडील अनेक घरांत ‘वंशावळ’ हा शब्द पुन्हा चर्चेत आला. महसुली नोंदी, शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद यांवरून पणजोबांपर्यंतची साखळी जुळवली जाऊ लागली. दुसरीकडे, लाळेच्या नमुन्यावरून पूर्वजांचा माग सांगणाऱ्या डीएनए चाचण्याही आता घरपोच मागवता येतात. या दोहोंत फरक कोणता आणि खासगीपणाच्या दृष्टीने धोका कोठे आहे, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

४.२ दोन प्रकारची वंशावळ

कागदावरील वंशावळ वाचता येते, तिच्यातील चूक दुरुस्त करता येते आणि ती कोणाला दाखवावी हे बहुधा कुटुंबच ठरवते. डीएनए चाचणीत लाळेचा नमुना प्रयोगशाळेकडे जातो. तेथे डीएनएमधील लाखो ठिकाणे वाचून ती आधी जमवलेल्या नमुन्यांशी ताडली जातात. त्यातून निघणारे वंशमूळ हा अंदाज असतो. जात ही सामाजिक रचना आहे. ती डीएनएमध्ये लिहिलेली नसते. त्यामुळे असा अहवाल जातीचा पुरावा ठरत नाही.

४.३ नमुना एकाचा, माहिती अनेकांची

सख्ख्या भावंडांचा सरासरी निम्मा, तर चुलत किंवा मामे भावंडांचा सरासरी एक-अष्टमांश डीएनए सामाईक असतो. समजा, देगलूरच्या एका तरुणाने हौसेने चाचणी केली. उदगीरला दिलेल्या त्याच्या बहिणीची माहितीही तिला न विचारता अंशतः बाहेर गेली.

हा धोका काल्पनिक नाही. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीची सुमारे १४ हजार खाती इतरत्र चोरलेल्या पासवर्डांनी उघडली गेली. नातेवाईक शोधण्याच्या सुविधेमुळे सुमारे ६९ लाख लोकांची माहिती उघडी पडली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा हा साठा कोणाच्या हाती जाणार, हा प्रश्न उभा राहिला. पासवर्ड बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही.

दत्तकविधान किंवा पितृत्व यांसारखी कुटुंबाने जपलेली गोष्टही अशा अहवालातून अचानक समोर येऊ शकते. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील एका वैवाहिक वादात सर्वोच्च न्यायालयाने अपत्याच्या डीएनए चाचणीचा आदेश सरसकट देता येणार नाही, असे स्पष्ट केले. जेथे न्यायालयही जपून पाऊल टाकते, ते दार घरगुती चाचणी सहज उघडते.

४.४ कायद्याची चौकट

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीला महत्त्व देतो. मात्र आनुवंशिक माहितीसाठी त्यात वेगळा संवेदनशील वर्ग नाही. शिवाय संमती चाचणी करणाऱ्याची घेतली जाते. त्याच्या नातलगांची नाही.

४.५ सारांश

डीएनए ही एकट्याची मालमत्ता नसून कुटुंबाचा सामाईक ठेवा आहे. म्हणून नमुना पाठवण्यापूर्वी तो किती काळ ठेवला जाईल, कोणाला दिला जाईल व नष्ट करता येईल का, हे तपासावे. आणि घरच्यांशी बोलावे.

स्वाध्याय

१. कागदी वंशावळ व डीएनए अहवाल यांतील फरक सांगा.
२. ‘एकाची संमती सर्वांची संमती ठरत नाही’ हे विधान आपल्या कुटुंबातील नात्यांच्या आधारे स्पष्ट करा.