पाटी मराठीत, पण मालकी कोणाची?

पैस खांबाच्या दर्शनाला नेवाशात वर्षभर माणसं येतात. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी जिथं सिद्ध झाली, त्या गावातल्या भक्तनिवासाचा इंटरनेटवरचा पत्ता देवनागरीतच असावा, असा आग्रह मी विश्वस्तांकडे धरला. माझं छपाईचं दुकान आहे. त्यांच्या पावत्या, फलक माझ्याकडेच होतात. '.भारत' हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून मराठी, कोकणी, हिंदीसह आठ भाषांना ते खुलं आहे. माझा तो आग्रह आजही कायम आहे. मात्र वाटेत जो मनस्ताप झाला, तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आधी नावाचं बघा. आमच्या गावाला कुणी 'नेवासा' म्हणतं, कुणी 'नेवासे'. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावं, तेव्हा जमल्यास दोन्ही घ्यावीत. विश्वस्तांना नावात 'वारकऱ्यांसाठी' हा शब्द हवा होता. त्यातला 'ऱ्य' टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर येतं. दुसरीत साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. कागदावर दोन्ही सारखेच छापले जातात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण डोमेनच्या व्यवहारात ते एक नव्हेत. नऊ भारतीय लिप्यांसाठी इंटरनेटवरच्या नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नव-ब्राह्मी गटाने सर्वोच्च पातळीच्या नावांचे नियम तयार केले, त्यांतही त्या अदृश्य चिन्हाला जागा नाही. म्हणून नाव लहान, सोपं, शक्यतो असलं जोडाक्षर टाळून घ्यावं आणि पैसे भरण्याआधी चार वेगवेगळ्या फोनांवर चार जणांकडून टाइप करून पाहावं.

पत्ता कॉपी केल्यावर कधीकधी 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी रोमन अक्षरांची माळ दिसते. तो पत्त्याचाच प्युनिकोड अवतार. डोमेनची यंत्रणा आतून त्यावरच चालते. अनोळखी दुव्यात मात्र तो दिसला तर थांबा. २०१७ मध्ये एका संशोधकाने सिरिलिक अक्षरांतून हुबेहूब 'ॲपल'सारखा दिसणारा पत्ता उभा करून दाखवला होता.

खरा घोटाळा झाला तो मालकीचा. नोंदणीचं काम एका शहरातल्या एजंटाकडे दिलं होतं. त्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं. नूतनीकरणाच्या सूचना त्यालाच जात राहिल्या आणि मुदत संपत आली तसा त्याचा फोन लागेना. ट्रस्टकडे पैसे भरल्याची पावती होती, पण नोंदीत ट्रस्टचं नाव कुठेच नव्हतं. पत्ता बंद पडला. फलक, पावतीपुस्तकं, रिक्षांमागची पत्रकं, सगळ्यांवर तोच छापलेला. लांबून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना खोली मिळेल की नाही, हे कळायचा मार्गच तुटला, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून सांगतो, नोंदणीधारक म्हणून संस्थेचंच नाव घाला. ईमेल संस्थेचा द्या, आणि तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तोही बंद पडतो. खात्याचा पासवर्ड दोन विश्वस्तांकडे ठेवा. '.इन' आणि '.भारत' या दोन्हींचा कारभार निक्सी ही संस्था पाहते आणि वाद सोडवण्याची तिची लेखी पद्धत आहे. पण तिथं ट्रेडमार्क किंवा नावावरचा हक्क दाखवावा लागतो. नुसत्या पावतीवर भागत नाही.

मराठी पत्त्याबरोबर एक रोमन पत्ताही घ्या. अजून कितीतरी ऑनलाइन अर्ज देवनागरी ईमेल 'अवैध' म्हणून परत करतात. राजस्थान सरकारने २०१७ मध्येच नागरिकांना हिंदी ईमेल देऊ केले होते, म्हणजे हे न जमणारं काम नव्हे. तुमचा मराठी पत्ता कुठल्या बँकेच्या, विद्यापीठाच्या किंवा सरकारी अर्जाने नाकारला, तर मुकाट्याने रोमन भरून मोकळे होऊ नका. पडद्याचं छायाचित्र जोडून त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा.