ट्रकचे ब्रेक : हाती अ‍ॅडजस्टर चांगला की ऑटोमॅटिक?

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने काशिमिऱ्याकडे येणाऱ्या अवजड ट्रकांना गायमुखचा घाट ओलांडावा लागतो. पुढे अहमदाबाद महामार्गाची गर्दी असते. अशा रस्त्यावर ब्रेकचे काम किती मोलाचे, हे ट्रकमालकांना सांगायला नको. मात्र ब्रेकमधील एका लहान भागाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. तो भाग म्हणजे स्लॅक अ‍ॅडजस्टर.

हवेच्या ब्रेकमध्ये पेडल दाबताच हवा चेंबरमध्ये शिरते व दांडा बाहेर ढकलते. दांड्याला जोडलेला अ‍ॅडजस्टर कॅमचा शाफ्ट फिरवतो आणि लायनर ड्रमवर दाबले जातात. लायनर झिजले की अंतर वाढते व दांड्याला अधिक लांब जावे लागते. दांड्याची धाव संपत आली की जोर एकदम घटतो. उतारावर ड्रम तापून फुगतो, त्यामुळे अंतर आणखी वाढते. धोका असा की, हवेच्या ब्रेकमध्ये ही ढिलाई पेडलवर जाणवतेच असे नाही. सपाट रस्त्यावर बरा वाटणारा ब्रेक घाटात दगा देऊ शकतो.

हाती अ‍ॅडजस्टर स्वस्त व साधा असतो. लायनर ड्रमला टेकेपर्यंत पान्ह्याने बोल्ट फिरवायचा व मग साधारण पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा. मात्र हे काम वेळोवेळी, प्रत्येक चाकावर सारखे झाले पाहिजे. एक चाक घट्ट व दुसरे ढिले राहिले, तर गाडी एका बाजूला ओढते.

ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर वाढलेले अंतर ब्रेक लावता-लावता स्वतःच भरून काढतो. अमेरिकेत २० ऑक्टोबर १९९४ पासून बनणाऱ्या हवेच्या ब्रेकच्या ट्रकांना तो सक्तीचा झाला. महाग असला तरी रोज घाट चढणाऱ्या गाडीला तोच फायद्याचा.

परंतु ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे ‘बघायलाच नको’ असे नव्हे. त्याचा दांडा प्रमाणाबाहेर जात असेल, तर पान्ह्याने आवळून गाडी सोडू नये. दोष तसाच राहतो व थोड्याच दिवसांत ब्रेक पुन्हा ढिला पडतो. पेनसिल्व्हेनियातील ग्लेन रॉक येथे २००३ साली झालेल्या अपघातातील ट्रकचे ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर असेच हाताने आवळले जात होते. खरे कारण शोधावे : पिन झिजली आहे का, कॅमचा बुश खाल्ला आहे का, ग्रीस सुकले आहे का, की अ‍ॅडजस्टरच निकामी आहे? बदलायचा झाल्यास एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचा बसवावा.

तपासणी दोघांनी करावी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत, टाकीत हवा भरावी व पार्किंग ब्रेक सोडावा. दांड्यावर खडूने खूण करावी. एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने खूण किती सरकली ते मोजावे. नेहमीच्या ३० नंबरच्या चेंबरला अमेरिकी नियमात २ इंचांची मर्यादा आहे. आपल्या गाडीची मर्यादा कंपनीच्या पुस्तिकेत पाहावी.

मालकांनी प्रत्येक चाकाचे माप वहीत तारखेसह लिहून ठेवावे. अ‍ॅडजस्टर कोणताही असो, दांड्याचे माप घेतल्याशिवाय भरलेली गाडी घाटात घालू नये.