अंदाज फुकट, अर्ज महाग

"सॅटला 1520 आलेत, बोर्डात नव्वदच्या वर जाईल. अमेरिकेत चांगल्या कॉलेजात मिळेल ना?" असं विचारणाऱ्या पालकांच्या डोक्यात आपल्याकडची कॅप राउंडची कटऑफ यादी असते. अमुक पर्सेंटाइल, अमुक कॉलेज, अमुक शाखा. हार्वर्ड किंवा एमआयटी अशी यादी लावतच नाहीत. म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर विकणाऱ्यांचा धंदा तेजीत आहे. 'प्रोफाइल इव्हॅल्युएशन' फुकट करून देतात, त्यात "तुमच्या मुलीला 62 टक्के चान्स" असा आकडा येतो आणि आकड्यापाठोपाठ काही लाखांचं पॅकेज. तो 62 कुठून आला हे विचारून बघा, धड उत्तर मिळणार नाही.

खरा अंदाज घरी बसून, एका रविवारी, एक पैसा न देता काढता येतो. त्यासाठी 'कॉमन डेटा सेट' नावाचं दस्तऐवज लागतं. अमेरिकेतली बरीच कॉलेजं ते दरवर्षी एकाच साच्यात भरून आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडतं. सगळं वाचायची गरज नाही, चार रकाने पुरेत.

पहिला सी7. गुण, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत, माजी विद्यार्थ्यांशी नातं, यांतल्या कशाला किती वजन देतो हे कॉलेज तिथे स्वतःच सांगतं. दुसरा सी9, सॅटच्या गुणांचा. त्यात 25वं आणि 75वं पर्सेंटाइल दिलेलं असतं. मुलाचे गुण खालच्या आकड्याच्याही खाली असतील तर ते कॉलेज यादीतून काढा. दोन्हींच्या मध्ये असतील तर त्याचा अर्थ एवढाच की गुणांवरून अर्ज बाजूला पडणार नाही. एक खोच लक्षात ठेवा: जिथे सॅट ऐच्छिक आहे तिथे चांगले गुण मिळालेलेच ते पाठवतात, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. किती टक्के मुलांनी गुण पाठवले हे त्याच रकान्यात असतं, ते आधी बघा. आणि "सॅट आता लागत नाही" ही कोविडच्या काळातली माहिती विसरा. एमआयटीने 2022 मध्ये, तर डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकने 2024 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केल्याचं जाहीर केलं. उलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, प्रवेशासाठी सॅट पाहतच नाही.

उरलेले दोन रकाने मात्र पालक सहसा उघडत नाहीत, आणि आपल्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. बी2 मध्ये परदेशी विद्यार्थी किती ते असतं, एच6 मध्ये त्यांच्यापैकी किती जणांना कॉलेजने आर्थिक मदत दिली आणि सरासरी किती डॉलर दिले ते. समजा, बी2 मध्ये 400 परदेशी विद्यार्थी आहेत आणि एच6 मध्ये 30 जणांना मदत मिळालेली दिसते. म्हणजे बाकीचे 370 पूर्ण पैसे भरून शिकताहेत. तुम्हाला मदत हवी असेल तर तुमची स्पर्धा त्या 30 जागांसाठी आहे, आणि त्याही चारही वर्षांच्या मिळून. तिथे कॉलेजच्या जाहीर प्रवेशदराला काही अर्थ उरत नाही.

तो प्रवेशदर तसाही फसवाच आहे. हार्वर्डने 2024 मध्ये 54,008 अर्जांतून 1,937 जणांना प्रवेश देऊ केला, म्हणजे 3.6 टक्के. पण त्या 1,937 मध्ये आधीच निवडलेले खेळाडू आहेत, माजी विद्यार्थ्यांची मुलं आहेत, देणगीदारांची आणि प्राध्यापकांची मुलं आहेत. अशी निवड होते हे हार्वर्डच्या प्रवेशप्रक्रियेवरच्या खटल्यात कागदोपत्री उघड झालं. ते वगळले तर सामान्य अर्जदाराच्या वाट्याला 3.6 हून कमीच येतात. एमआयटी अशी नाती पाहत नाही, तरी तिचा एकूण दर साडेचार टक्क्यांच्या घरात असताना परदेशी अर्जदारांसाठी तो दोनच्या आसपास असतो. आणि चार टक्क्यांच्या दहा कॉलेजांत अर्ज केला म्हणून चाळीस टक्के होत नाहीत. एका कॉलेजने ज्या कारणाने नाकारलं, त्याच कारणाने बाकीचीही बहुधा नाकारतात.

आता पैशाचं सरळ बोलू. या वरच्या श्रेणीतल्या खासगी कॉलेजांत शिक्षण, राहणं, जेवण धरून वर्षाला 85 ते 95 हजार डॉलर लागतात. 90 रुपयांचा डॉलर धरला तर 75 ते 85 लाख, आणि अशी चार वर्षं. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तरी निवड करताना ते विचारात न घेणारी कॉलेजं मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडॉइन आणि आणखी थोडी. बाकीच्यांत, अगदी स्टॅनफर्डमध्येसुद्धा, मदतीचा अर्ज केला की शक्यता घटते. म्हणून काही सल्लागार सुचवतात, "आधी अ‍ॅडमिशन मिळू दे, मदतीचं नंतर बघू." हा सल्ला महागात पडतो. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येणार नाही, असा अनेक कॉलेजांचा नियम आहे. अर्ज भरण्याआधी आई-वडिलांनी दार लावून बसावं, वर्षाला खरोखर किती देऊ शकतो तो आकडा ठरवावा आणि मुलालाही सांगावा. घराघरांत हेच राहून जातं.

अर्जांचा खर्च त्या मानाने किरकोळ वाटतो, पण थेंबाथेंबाने साठतो. भारतातून सॅटची फी परदेशी शुल्कासह 110 डॉलरच्या आसपास. दोनदा दिली तर वीस हजार रुपये. सरावावर खर्च करायची गरज नाही: सॅटच्याच ब्लूबुक अ‍ॅपवरच्या पूर्ण चाचण्या आणि खान अकॅडमी दोन्ही फुकट आहेत. इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस साधारण सतरा-अठरा हजार, तर डुओलिंगो टेस्ट सहा-सात हजारांत होते, आणि तिचे गुण कितीही कॉलेजांना विनाशुल्क पाठवता येतात. कॉलेज ती स्वीकारतं का, एवढं आधी तपासा. फी घेणाऱ्या नामांकित कॉलेजांत अर्जाला प्रत्येकी साधारण 75 ते 100 डॉलर. मदतीसाठीचा सीएसएस प्रोफाइल पहिल्या कॉलेजला 25 आणि पुढच्या प्रत्येकाला 16 डॉलर. आठ कॉलेजांचा हिशोब केला तर सगळं मिळून लाखाच्या आसपास जातं, शिवाय क्रेडिट कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं.

यात बचतीला जागा आहे. ग्रिनेल, कार्लटन, कोल्बी ही उत्तम कॉलेजं अर्जाची फी घेतच नाहीत. अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यालाही फीमाफी मागता येते. नम्र ईमेल लिहायला संकोच करू नका, त्याने शक्यता कमी होत नाही. सॅटचे चार अहवाल परीक्षेनंतरच्या नऊ दिवसांपर्यंत फुकट पाठवता येतात, आणि बऱ्याच कॉलेजांना अर्जाच्या वेळी स्वतः लिहिलेले गुण चालतात, अधिकृत अहवाल प्रवेश पक्का झाल्यावर लागतो.

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची खरी अडचण पैशाची नाहीच. कॉलेजांना नववी ते बारावी, चारही वर्षांचे गुण हवे असतात, शिवाय दोन शिक्षकांची पत्रं आणि शाळेकडून एक पत्र. आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटते आणि मूल ज्युनिअर कॉलेजात जातं. त्यातून 'इंटिग्रेटेड' असेल तर हजेरी कागदावर आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. मग ऑक्टोबरात फिजिक्सच्या सरांकडे पत्र मागायला गेल्यावर सर विचारतात, "तू कोणत्या डिव्हिजनचा?" अंदाजित गुण द्यायची पद्धतच नसल्याने प्राचार्यांनाही अमेरिकी कॉलेजांच्या सामाईक अर्जाचा, म्हणजे कॉमन अ‍ॅपचा फॉर्म समजावून सांगावा लागतो. अकरावीच्या जूनपासून दोन शिक्षकांच्या तासांना नीट बसणं, प्रश्न विचारणं, प्रयोगशाळेत दिसणं, याला खर्च शून्य. पण तोच अर्जाचा सर्वांत कच्चा दुवा असतो. नववीचं प्रगतिपुस्तक कुठल्या कपाटात आहे तेही आजच शोधा.

'प्रोफाइल' घडवण्याच्या नावाखाली मात्र पैसा पाण्यासारखा जातो. नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरणारी काही हजार डॉलरची उन्हाळी शिबिरं, पैसे भरून छापून येणारे 'रिसर्च पेपर', एका फोटोपुरती समाजसेवा. माझ्या मते या सगळ्यावर फुली मारावी. अशी शिबिरं कोण भरवतं आणि त्यात निवड कशावर होते हे प्रवेश समितीला चांगलं ठाऊक असतं. त्याऐवजी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राशी जोडलेल्या ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेला काही शे रुपयांत बसता येतं. पुढच्या फेरीत गेलात तर त्याचं मोल अमेरिकेतही कळतं, नाही गेलात तर अभ्यास कुठे वाया गेला?

मग सल्लागार घ्यावाच का? आधी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या एज्युकेशनयूएसएकडे जा. मुंबईत यूसीफ (USIEF) या संस्थेच्या कार्यालयातून हा सल्ला मिळतो, आणि प्राथमिक माहितीला पैसे पडत नाहीत. त्यानंतरही कोणी हवं असेल तर पॅकेजऐवजी तासांवर बोला: यादी तपासायला एक बैठक, निबंध वाचायला दोन. फी विचारताना 18 टक्के जीएसटी धरून की सोडून, अर्धवट सोडलं तर परतावा किती, आणि कोणत्या विद्यापीठाकडून कमिशन घेता का, हे लेखी घ्या. कमिशन घेणारा तुमचा सल्लागार नसून त्या विद्यापीठाचा विक्रेता असतो. निबंध लिहून देणारा आणि गॅरंटी देणारा, दोघांनाही दारातूनच नमस्कार करा. अमेरिकेत 2019 मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्याचा सूत्रधार रिक सिंगर हाही प्रवेश सल्लागारच होता. पुढे त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

यादी करताना सल्लागार 'रीच, टार्गेट, सेफ्टी' (अवघड, आवाक्यातली, हमखास मिळणारी) असे तीन गट पाडतात. पूर्ण मदत लागणाऱ्या मुलाला अमेरिकेत 'सेफ्टी' नसते, त्याची सेफ्टी इथेच: जेईई, एमएचटी-सीईटी, आयसर, जे जमेल ते. त्या फॉर्मांच्या तारखा निबंधांच्या धांदलीत चुकतात, म्हणून त्या वडिलांनी सांभाळाव्यात. अमेरिकेतले नियमित निकाल मार्चअखेर येतात आणि जागा पक्की करायची मुदत सहसा 1 मे असते, म्हणजे बारावीचा निकाल हातात येण्याआधीच. अनामत भरली तरी अंतिम गुणपत्रिका कॉलेज मागतंच, आणि गुण फार घसरले तर प्रवेश रद्दही होऊ शकतो. त्यानंतर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे 350 आणि व्हिसाच्या अर्जाचे 185 डॉलर वेगळे काढून ठेवा. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत.