दंतधावन : एक नित्याचा पाठ

शाळेच्या वार्षिकांत आरोग्यावर एखादा लेख असावा ही जुनी चाल आहे; आणि तो लेख न वाचतां पान उलटावें हीही तितकीच जुनी चाल आहे. म्हणून उपदेशास आरंभ करण्यापूर्वीं आम्ही घडलेली एक गोष्ट सांगतों.

गेल्या वर्षीं प्रथम सत्राच्या परीक्षेंत आठवीचा एक विद्यार्थी गालाला हात लावून बसला होता. गणिताचा पेपर अर्धा कोरा ठेवून तो उठला. वर्गावर देखरेख आमचीच होती. अभ्यास झाला नसल्यामुळें हें सोंग चाललें आहे, अशा समजुतीनें आम्ही त्याला चार मुलांदेखत टाकून बोललों. तो कांहींच बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याचा गाल सुजून डोळा झांकूं लागला, तेव्हां वडिलांनीं त्याला वर्ध्याजवळ सावंगी येथील दंतरुग्णालयांत नेलें. खालची एक दाढ मुळापर्यंत किडली होती. ती काढावी लागली. पुढें वडील शाळेंत आले असतां, दुखणें इतकें वाढेपर्यंत आपण कसे थांबलांत, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, “गुरुजी, आमाले वाटलं दुधाची दाढ हाय, पडली त दुसरी येईन.”

ती दाढ दुधाची नव्हती. जन्मभर पुरावयाची होती. आम्हांस अधिक लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. त्याच विद्यार्थ्यानें आदल्या वर्षीं ‘मनुष्यास दांत किती?’ या प्रश्नाचें ‘बत्तीस’ असें अचूक उत्तर लिहून आमच्याकडून पुरे गुण मिळविले होते. दांत मोजावयास आम्हीं त्याला शिकविलें. राखावयास शिकविलें नाहीं. प्रस्तुत लेख ही त्या उणिवेची भरपाई समजावी.

सहाव्या वर्षाची दाढ

बालकास सुमारें सहाव्या महिन्यापासून दांत येऊं लागतात व तिसऱ्या वर्षाच्या आंतबाहेर दुधाचे वीस दांत पुरे होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास मात्र एक गोष्ट घडते, ती पुष्कळ घरांत कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं. दुधाच्या सर्व दांतांच्या मागें, वर दोन व खालीं दोन, अशा चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठीं दुधाचा एकही दांत पडत नाहीं. म्हणून आईबापांस वाटतें कीं, याही दुधाच्याच. वास्तविक त्या कायमच्या असतात. सर्वांत आधीं येणाऱ्या, सर्वांत मागें असल्यामुळें नीट न घासल्या जाणाऱ्या आणि वरच्या बाजूस खोल खांचा असणाऱ्या या दाढाच बहुधा प्रथम किडतात.

दांतावरील पांढरें चकचकीत कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, तें आपल्या शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य होय. हाडही त्याची बरोबरी करीत नाहीं. परंतु हाड मोडलें तर सांधतें. एनॅमलास भोंक पडलें तर तें आपोआप भरून येत नाहीं, कारण त्यांत जिवंत पेशी नसतात. जें एकदांच मिळतें, त्याची जपणूक पहिल्या दिवसापासूनच करावी लागते.

कीड म्हणजे काय?

आपल्याकडे ‘दांताला कीड लागली’ असें म्हणतात, आणि आंत खरोखरच एखादी अळी असते अशी समजूत अजून आढळते. तशी अळी नसते. १६८३ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक नांवाच्या कापड-व्यापाऱ्यानें आपल्याच दांतांवरील पांढरा चिकट मळ स्वतः केलेल्या भिंगाखालीं पाहिला. हा गृहस्थ रोज सकाळीं मिठानें दांत घाशीत असे. तरीही त्या मळांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळतांना त्याला दिसले. पुढें १८९० सालीं मिलर या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, हे जंतु अन्नांतील साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात व तें आम्ल दांतांतील क्षार विरघळवितें.

आतां यांतील हिशेब पाहा. गोड खाल्ल्यावर कांहीं मिनिटांतच दांतांवर आम्ल तयार होतें. तोंडांतील लाळ सुमारें अर्ध्या-पाऊण तासांत त्याचा जोर ओसरविते आणि झालेली झीज थोडीबहुत भरून काढते. म्हणजे जेवणाबरोबर एकदांच गूळ खाल्ला, तर दांतांस एकदांच झुंजावें लागतें. तोच मुलगा सकाळीं चहा-बिस्कीट, मधल्या सुटींत गोळी, दुपारीं पुन्हा चहा, संध्याकाळीं पेढा असें करील, तर लाळेला उसंत मिळत नाहीं. साखर किती खाल्ली याइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक, ती किती वेळां खाल्ली यास महत्त्व आहे. झोपेंत तर लाळ फारच कमी सुटते. म्हणून रात्रीं दांतांत राहिलेला घास दिवसां राहिलेल्या घासापेक्षां अधिक घातक ठरतो. आपल्या घरांत सकाळीं तोंड धुतल्यावांचून कोणी चहा घेत नाहीं. रात्रीं मात्र जेवून चूळ भरली कीं अंथरुणाची वाट धरतात. वाईट खोड हीच.

पूर्वजांची रीत

रात्रीं दांत घासणें हें विलायती फॅड आहे, असें कोणास वाटत असल्यास त्यानें आपलेच ग्रंथ पाहावेत. चरकसंहितेंत दंतधावन दिवसांतून दोन वेळां करावें आणि तें हिरड्यांस इजा न करतां करावें, असें सांगितलें आहे. सुश्रुतानें दातणाची काडी बारा अंगुळें लांब व करंगळीइतकी जाड असावी असें लिहिलें आहे. जीभ खरवडण्याच्या वांकड्या, धार नसलेल्या पट्टीचाही उल्लेख आयुर्वेदांत आहे.

रोहण्याच्या आसपास कडुनिंब व बाभूळ यांस तोटा नाहीं, आणि वृद्ध मंडळी अजून दातण वापरतात. त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. ताजी काडी चावून तिचा मऊ कुंचा केला व सावकाश फिरविली, तर दांत चांगले स्वच्छ होतात. मात्र आंतल्या बाजूस व शेवटच्या दाढांपर्यंत ती सहज पोंचत नाहीं. राखुंडी, कोळशाची पूड, विटेचा भुगा यांविषयीं मात्र आमचें मत स्पष्ट आहे : यांनीं दांत पांढरे दिसतात ते कवच खरवडलें जातें म्हणून. तांब्या घासावयाची वस्तु तोंडांत घालूं नये.

फ्लोराइडची हकीकत

अमेरिकेंतील कोलोराडो प्रांतांत १९०१ सालीं मॅके नांवाच्या दंतवैद्यास असें आढळलें कीं, तेथील लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग आहेत; पण त्या दांतांना कीड मात्र कमी लागते, हें पुढें दिसून आलें. डागांचें कारण १९३१ सालीं सांपडलें : पाण्यांत फ्लोराइड हा क्षार अधिक होता. मग अत्यल्प प्रमाणांत तोच क्षार दिल्यास डाग न पडतां कीड टळेल काय, हें पाहण्यासाठीं १९४५ सालीं ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यांत तो मोजून मिसळूं लागले, आणि तेथें जन्मलेल्या मुलांत दांत किडण्याचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटलें. पेस्टमध्यें फ्लोराइड घालतात तें याच कारणास्तव.

परंतु औषध व विष यांत मात्रेचाच भेद असतो. आपल्या विदर्भांतच यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गांवांच्या विंधन-विहिरींत हा क्षार फाजील असल्यानें मुलांचे दांत डागाळतात व पुढें हाडेंही जखडतात. म्हणून पेस्ट गिळूं नये. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातींतील चित्राप्रमाणें ब्रशाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ती पसरण्याचें कारण नाहीं.

घासण्याची पद्धत

ब्रश मऊ केसांचा व लहान तोंडाचा घ्यावा. त्याचे केस दांत व हिरडी जेथें मिळतात त्या रेषेवर तिरपे टेकवावेत, कारण मळ तेथेंच सांचतो. मग एका जागीं हलक्या हातानें आखूड-आखूड फिरवून पुढच्या दांतांकडे सरकावें. आधीं सर्व दांतांची बाहेरची बाजू, मग आंतली, मग दाढांचा चावण्याचा भाग व शेवटीं जीभ, असा क्रम ठरवून ठेवावा, म्हणजे कांहीं सुटत नाहीं. या सर्वांस दोन मिनिटें लागतात. आम्हीं वर्गांत घड्याळ लावून पाहिलें. मुलांना जीं दोन मिनिटें वाटत होतीं, तीं अर्धें मिनिटही भरलीं नाहींत. जोर करण्यानें वेळेची कसर भरून निघत नाहीं. उलट हिरड्या मागें हटतात.

हिरडीतून रक्त आलें कीं पुष्कळजण घासणेंच सोडतात. तें रक्त बहुधा सांचलेल्या मळानें हिरडी सुजल्याची खूण असते. म्हणून अधिक हळुवार, पण नियमानें घासावें. दोन आठवड्यांत रक्त न थांबल्यास दंतवैद्यांस दाखवावें. तसेंच, संत्र्याच्या हंगामांत मुलांनीं ध्यानांत ठेवावें कीं आंबट फळ खाल्ल्यावर लगेच ब्रश करूं नये. पाण्यानें चूळ भरून अर्धा तास थांबावें.

तंबाखूचें मंजन

कांहीं घरांत भाजलेल्या तंबाखूची मिसरी दांतांस लावतात, आणि आईचें पाहून मुलगीही लावूं लागते. तिनें दुखणें थांबल्यासारखें वाटतें. वस्तुतः दुखणें राहतेंच व वर व्यसन जडतें. खर्ऱ्याची गोष्ट तर आमच्या थोराड विद्यार्थ्यांस सांगावयास नको. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. तरी सुपारी-तंबाखूची पुडी ज्याच्या खिशांत आहे, त्याच्यावरील बंदी त्यालाच घालावी लागते. तोंडांत पांढरा वा लाल चट्टा उठणें, दोन आठवडे न भरणारी जखम, तोंड पुरतें न उघडणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास दिवस घालवूं नये. कर्करोगाचा आरंभ असा मुकाट्यानें होत असतो.

ध्यानांत ठेवावयाचे नियम

१. सकाळीं एकदां व रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां, दोन-दोन मिनिटें दांत घासावेत. रात्रीं घासल्यावर पाण्यावांचून कांहीं घेऊं नये.
२. घरांत प्रत्येकाचा ब्रश निराळा असावा. केस फांकले कीं, अथवा तीन-चार महिन्यांनीं, तो बदलावा.
३. पेस्ट थुंकून टाकावी. खळखळून चुळा भरून तिचा सर्व अंश धुवून टाकूं नये.
४. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांचे दांत वडील माणसानें स्वतः घासून द्यावेत किंवा जवळ उभें राहून पाहावेत.
५. सहाव्या वर्षीं मागें आलेल्या दाढा आईबापांनीं उजेडांत पाहाव्यात. काळा ठिपका दिसल्यास तो दुखेपर्यंत वाट पाहूं नये.

पौलानें करिंथकरांस लिहितांना देहास देवाचें मंदिर म्हटलें आहे. मंदिराचें दार स्वच्छ ठेवणें हें कांहीं मोठें पुण्यकर्म नव्हे. तें साधें कर्तव्य आहे, आणि जो लहान गोष्टींत विश्वासू राहत नाहीं त्याच्या हातीं मोठी गोष्ट कोण देईल?

आरंभीं सांगितलेला विद्यार्थी यंदा नववींत आहे. ज्या वर्गासमोर आम्ही त्याला बोललों, त्याच वर्गासमोर आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, माझ्या बाकीच्या तीन दाढा वांचतील का?” आम्हीं सांगितलें, “आज रात्रींपासून आरंभ केलास तर वांचतील.” हेंच उत्तर आम्ही या पानावरून आमच्या सर्व विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस देतों.