अपडेटच्या आधी परतीची वाट

घरगुती फराळाच्या धंद्याचं सगळं वर्ष गणपती ते दिवाळी एवढ्यातच बसतं. गणपती बसले की चौकश्या सुरू होतात, नवरात्रात परदेशातल्या ऑर्डरी येतात आणि दसऱ्याच्या मागेपुढे ती पार्सलं निघावीच लागतात. नाहीतर न्यू जर्सीतल्या घरी चकली पोचते ती भाऊबीज उलटल्यावर. आमच्याकडे भाजणीपासून तळणीपर्यंतचं सगळं सासूबाई आणि त्यांच्या हाताखालच्या बायका बघतात; ऑर्डरी, पैसे आणि पार्सलं माझ्याकडे. माझं निम्म्याहून जास्त काम वेबसाइटवर चालतं. २०२३च्या दसऱ्याआधी ही वेबसाइट बंद पडली आणि पुन्हा सुरूही झाली. आमचं खरं नुकसान झालं ते ती सुरू करताना. छोटा धंदा करणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

आमची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे आणि तिच्यावर वूकॉमर्सचं दुकान. वर्डप्रेस पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेलं आहे. तिची ७.४ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२२मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाली. म्हणजे तिच्यात नवं भगदाड सापडलं तर ते बुजवायला कुणी उरलं नाही. आमच्या होस्टिंग कंपनीनं सगळ्या ग्राहकांना नव्या पीएचपीवर न्यायचं ठरवलं. ते रास्तच होतं, पण मुहूर्त निघाला नेमका नवरात्रातला.

त्या दिवशी मुख्यपान झकास उघडत होतं. फोटो दिसत होते, लाडू टोपलीत पडत होते. पण पैसे भरायच्या पानावर गेलं की समोर नुसता पांढरा पडदा. परदेशी पत्त्याचे रकाने नीट दिसावेत म्हणून बसवलेलं एक लहानसं प्लगिन नव्या पीएचपीवर कोसळलं होतं. ते लिहिणाऱ्यानं त्याच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती. कोसळताना त्यानं सगळं चेकआउट बंद पाडलं.

मदतकेंद्राला फोन केला. तिथल्या मुलानं तत्परतेनं जुनं पीएचपी परत लावलं आणि 'काळजी नको मॅडम' म्हणत आठवड्यामागचा पूर्ण बॅकअपही चढवून दिला. तासाभरात दुकान सुरू झालं. संध्याकाळी पार्सलांची यादी काढायला बसले, तर मधल्या सगळ्या ऑर्डरी गायब.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वेबसाइटचे दोन भाग असतात. एक फायलींचा: वर्डप्रेस, थीम, प्लगिनं, फोटो. दुसरा डेटाबेस: ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते, शिल्लक माल, मजकूर. बिघाड होता फायलींमध्ये आणि मागे नेला गेला डेटाबेससुद्धा. दिवे गेले म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलवावं आणि त्यानं फ्यूज बदलता बदलता खतावणीची आठवडाभराची पानं फाडून न्यावीत, तसा हा प्रकार.

नुकसान ऑर्डरी जाण्यावरच थांबलं नाही. वूकॉमर्स प्रत्येक ऑर्डरला डेटाबेसमधला पुढचा क्रमांक देतं. डेटाबेस मागे गेला की मोजणीही मागे जाते. त्यामुळे नव्या ऑर्डरींना असे क्रमांक मिळायला लागले, जे आधीच्या गिऱ्हाइकांच्या मेलमध्ये गेलेले होते. दुबईची एक बाई आणि सिंगापूरचे एक काका एकाच क्रमांकाच्या पार्सलाची चौकशी करत होते, आणि दोघंही खरं बोलत होते. मालाची शिल्लकही जुनी झाली. संपलेले अनारसे पुन्हा 'उपलब्ध' दिसू लागले आणि लोकांनी ते घेतलेही.

आम्ही सावरलो ते तीन कागदपत्रांच्या आधारानं: प्रत्येक ऑर्डरची माझ्या इनबॉक्सात येणारी मेल, पेमेंट गेटवेचा जमा रकमांचा तक्ता आणि कुरिअरच्या पावत्या. तिन्ही जुळवून वहीत पुन्हा यादी केली. म्हणून पहिला सल्ला हाच: नव्या ऑर्डरची मेल वेबसाइटच्या होस्टिंगवरच्या मेलबॉक्समध्ये न ठेवता दुसऱ्या एखाद्या मेलसेवेवर येऊ द्या, आणि तिथून ती पुसू नका. दुकान बुडालं तरी ती यादी तरंगते.

बॅकअप किती वेळा, कुठे

'रोज बॅकअप होतो' हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नका. विचारायचा प्रश्न असा: आत्ता मागे जावं लागलं, तर किती ऑर्डरी हातानं पुन्हा लिहाव्या लागतील? जेवढ्या लिहायची तुमची तयारी आहे, तेवढ्याच अंतरानं डेटाबेसचा बॅकअप हवा. आमच्याकडे एरवी तो रोज होतो, सीझनमध्ये दर तासाला. फायली रोज बदलत नाहीत, त्यांचा आठवड्याला एक पुरतो. शिवाय कुठल्याही अपडेटच्या आधी दोन्हींचा एक ताजा.

दुसरा प्रश्न जागेचा. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच गेलं. म्हणून तीन-दोन-एक हा जुना नियम पाळावा: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली किमान एक वेगळ्या ठिकाणी. आमच्यापुरता याचा अर्थ असा: एक चालू वेबसाइट, एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर, आणि एक घरातल्या हार्डडिस्कवर. ही डिस्क प्रत घेण्यापुरतीच संगणकाला जोडायची.

कालचा एकच बॅकअप ठेवूनही भागत नाही. वेबसाइटमध्ये घुसलेला चोर बरेचदा आठवडेच्या आठवडे गुपचूप बसतो. तोवर रोजच्या बॅकअपमध्ये तोही जपला जातो. गेल्या काही दिवसांचे, काही आठवड्यांचे आणि काही महिन्यांचे असे टप्प्याटप्प्यानं बॅकअप ठेवले, तर तो घुसण्याआधीची स्वच्छ प्रत हाती राहते.

आणि बॅकअपला कुलूप लावा. त्यात तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, फोन आणि पत्ते असतात. बॅकअपची झिप फाइल वेबसाइटच्याच फोल्डरात ठेवली, तर नाव ओळखणारा कुणीही ती उतरवून घेऊ शकतो. बॅकअप घेणारं प्लगिनही याला अपवाद नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये अपड्राफ्टप्लस या लोकप्रिय प्लगिनमध्ये असं भगदाड सापडलं की साध्या सदस्यालाही बॅकअप उतरवता आला असता. ते तातडीनं बुजवलं गेलं, पण ज्यांनी ते अपडेट घेतलं त्यांच्यापुरतंच.

परत चढवून पाहिल्याशिवाय बॅकअप खरा नाही

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या प्रसिद्ध कंपनीत एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या बऱ्याच पद्धती होत्या, पण ऐन वेळी एकामागून एक पद्धत नापास झाली. नेहमीचा बॅकअप तयारच होत नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणाऱ्या मेलही पोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून त्यांचं निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. तज्ज्ञांच्या घरी असं होतं, तर आपल्याकडे बॅकअपच्या हिरव्या टिकलीवर किती विश्वास ठेवायचा?

यावर उपाय एकच, रंगीत तालीम. होस्टिंगवर स्टेजिंग, म्हणजे दुकानाची वेगळी, लोकांना न दिसणारी नक्कल करता येते. तिच्यावर बॅकअप चढवा आणि पाहा: कालची शेवटची ऑर्डर आहे का, फोटो आहेत का, लॉगिन होतंय का, आणि या सगळ्याला किती वेळ लागला. मात्र नकलेतून बाहेर जाणाऱ्या मेल आधी बंद करा आणि पेमेंट गेटवे चाचणीच्या किल्लीवर ठेवा. नाहीतर गिऱ्हाइकांना जुन्या ऑर्डरींच्या मेल नव्यानं जातात.

अपडेट: कुठलं आज, कुठलं थांबून

नवरात्रातल्या त्या गोंधळानंतर 'आता अपडेटच नको' असं आमच्याही घरात बोललं गेलं. तेही चुकीचंच. जानेवारी २०१७च्या शेवटी वर्डप्रेसनं ४.७.२ ही आवृत्ती काढून एक गंभीर भगदाड बुजवलं. ते नेमकं काय होतं हे काही दिवसांनी जाहीर झालं, आणि ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं त्यांच्या वेबसाइटींवरची लाखो पानं विद्रूप झाली. भगदाड बुजवल्याची बातमी हीच चोरांसाठी भगदाडाची खूण असते. दुसरीकडे, जून २०२४मध्ये काही प्लगिनकर्त्यांची खाती चोरांच्या हाती लागली आणि वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातूनच विषारी अपडेट बाहेर पडले. म्हणजे डोळे मिटून लगेच घेणंही धोक्याचं आणि न घेणंही.

आम्ही पाळतो तो नियम साधा आहे. अपडेटच्या टिपणात 'सिक्युरिटी' हा शब्द असेल, तर बॅकअप घेऊन त्याच दिवशी, सीझन असला तरीही. नुसती नवी सोय आली असेल, तर काही दिवस थांबायचं आणि इतरांना काय अनुभव आला ते पाहायचं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत नव्या सोयी, नवी थीम, पीएचपीचा बदल पूर्ण बंद. होस्टिंग कंपनीला हे आम्ही लेखी कळवतो, आणि तिची बदलाची तारीख आली की आपली सोयीची तारीख आधीच मागून घेतो.

'सगळं निवडा आणि अपडेट करा' हे बटण मात्र विसरा. एका वेळी एकच प्लगिन, आधी नकलेवर, मग खऱ्या दुकानावर. बिघडलं तर कशामुळे ते लगेच कळतं आणि तेवढंच मागे घेता येतं, बहुतेक वेळा डेटाबेसला हात न लावता. त्यासाठी सकाळची वेळ धरा, म्हणजे मदतीला माणूस मिळायला दिवस उरतो.

अपडेटनंतर मुख्यपान उघडलं म्हणून सुटलो असं समजू नका. वर्डप्रेसच्या ६.६ आवृत्तीपासून, म्हणजे जुलै २०२४पासून, प्लगिनच्या आपोआप अपडेटनं वेबसाइट कोसळली तर जुनं प्लगिन परत बसवण्याची सोय आहे. पण ती वेबसाइटचं मुख्यपान तपासते, आणि आमचं मुख्यपान तर त्या दिवशीही छान उघडत होतं. म्हणून दहा रुपयांचं एक लपवलेलं प्रॉडक्ट ठेवा आणि प्रत्येक अपडेटनंतर फोनवरून ते स्वतः विकत घ्या. परदेशी पत्ता टाकून कुरिअरचा दर येतो का पाहा. मग यूपीआयनं पैसे भरा, मेल येते का बघा, ऑर्डर यादीत दिसते का, शिल्लक एकानं कमी होते का ते तपासा आणि पैसे परत करा.

न लागणारी प्लगिनं नुसती बंद करून ठेवू नका, काढून टाका. बंद प्लगिनच्या फायली सर्व्हरवरच असतात. सप्टेंबर २०२०मध्ये फाइल मॅनेजर या प्लगिनवर झालेले हल्ले त्यातल्या एका फाइलवर थेट बाहेरूनच होत होते. वर्षानुवर्षं अपडेट न आलेल्या प्लगिनला पर्याय शोधा. आणि पैसे देऊन घ्यायची थीम कुणी फुकट दिली, तर ती घेऊ नका. तिच्याबरोबर चोरदरवाजा आलेला असू शकतो.

बिघाड झालाच तर

रिस्टोअरचं बटण पहिल्यांदा नाही, शेवटी दाबायचं. आधी ऑर्डरी घेणं थांबवा आणि तशी पाटी लावा. मग आहे त्या मोडक्या अवस्थेचाही पूर्ण बॅकअप घ्या, कारण ताज्या ऑर्डरी त्यातच आहेत. बिघाड फायलींत आहे की डेटाबेसमध्ये हे विचारा आणि तेवढाच भाग मागे न्या. पूर्ण मागे जावंच लागलं, तर आधी ऑर्डरींची यादी उतरवून घ्या आणि नव्या ऑर्डरींचे क्रमांक बरेच पुढून सुरू करायला सांगा. चोर शिरला असेल तर मागे जाऊन भागत नाही: तो शिरला ती फट बुजवा आणि वर्डप्रेस, होस्टिंग, डेटाबेस, मेल या सगळ्यांचे पासवर्ड बदला.

हे सगळं मी स्वतः करत नाही, वेबसाइट सांभाळणारा मुलगा करतो. मी त्याला प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा: डोमेन आणि होस्टिंग कुणाच्या नावावर, कुणाच्या मेलवर आहे? आज मागे गेलो तर किती ऑर्डरी जातील? शेवटचा बॅकअप परत चढवून कधी पाहिला? 'हो, सगळं आहे' या उत्तरावर थांबू नका, समोर बसून करून दाखवायला सांगा. आणि धंदा थंड असतो तेव्हा सांगा: फराळवाल्यांनी आषाढात, आंबेवाल्यांनी दिवाळीनंतर, राख्या विकणाऱ्यांनी संक्रांतीला.