उन्हाळा, ससा आणि पाणी

सशाच्या शरीराचे तापमान साधारणतः ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असते. माणसाप्रमाणे त्याला घाम येत नाही. रक्तवाहिन्यांचे जाळे असलेले लांब कान आणि जलद श्वासोच्छ्वास हीच उष्णता बाहेर टाकण्याची त्याची प्रमुख साधने होत.

अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते. म्हणून ससा थंडीत अधिक खातो आणि उकाड्यात कमी. वाढत्या वयाच्या सशांवरील एका प्रयोगात ५ अंश तापमानास एक ससा दिवसाला सुमारे १८२ ग्रॅम खाद्य खात होता. १८ अंशांस १५८, तर ३० अंशांस अवघे १२३ ग्रॅम. पाण्याचे मात्र उलट झाले. १८ अंशांस सुमारे २७१ ग्रॅम पाणी पुरे होते, तेच ३० अंशांस ३८६ ग्रॅमवर गेले. दैनंदिन वजनवाढ ३७ ग्रॅमवरून २५ ग्रॅमवर आली.

३५ अंशांपुढे सशाला शरीराचे तापमान आवरणे कठीण जाते. विदर्भात मे महिन्यात पारा ४० अंश ओलांडतो, हे ध्यानी घेतले म्हणजे धोका कळतो. पाणी न मिळाल्यास तो कोरडे खाद्यही सोडतो, आणि उपाशी सशाचे आतडे मंदावून जीव धोक्यात येतो. दिवसभर काहीच न खाणाऱ्या सशाला पशुवैद्यकाकडे न्यावे.

यास्तव पिंजरा सावलीत व हवेशीर जागी असावा. खाद्य सायंकाळी द्यावे, कारण ससा स्वभावतः संध्याकाळी व रात्रीच अधिक खातो. मातीच्या परळातील पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे. हिरवा पाला द्यावा. परंतु तो पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

पाळीव सशाचे युरोपातील रानटी पूर्वज बिळात शिरून गारवा मिळवीत. पिंजऱ्यातील सशाला ती मुभा नाही. त्याची तहान ही पाळणाऱ्याचीच जबाबदारी ठरते. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य मानलेल्या माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील पाणी प्राशन करून तो अन्याय मोडला. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. आपल्या अंगणातील मुक्या जिवाचे परळ भर दुपारी कोरडे राहू नये, एवढी दक्षता आपण घ्यावीच.