ओळख आणि वशिला

बुवापाड्यातील आयटीआय झालेल्या मुलास नोकरीचे विचारावे तर तो म्हणतो, "आपला वशिला कुठे आहे?" वशिला आणि ओळख यांत आपण घोटाळा करतो, असे आम्हांस वाटते. ओळख म्हणजे आपले काम दुसऱ्याने पाहिलेले असणे.

परमपूज्य बाबासाहेबांचेच पाहा. चर्नी रोडच्या बागेत नेमाने वाचत बसणारा विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरला. 1907 साली तो मॅट्रिक झाल्यावर त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे शिक्षण अडले तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कोलंबिया विद्यापीठात नवल भथेना या पारशी तरुणाशी स्नेह जुळला. 1920 साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास निघताना त्याच मित्राने 5,000 रुपये कर्जाऊ दिले.

अंबरनाथच्या एमआयडीसीतही छोट्या कारखान्यांतील जागा पुष्कळदा वर्तमानपत्रात येतच नाहीत. फोरमन कामगारांनाच विचारतो. म्हणून आयटीआयचे निदेशक, अप्रेंटिसशिपमधील वरिष्ठ, लोकलमधील सहप्रवासी यांच्याशी संबंध राखावा. केवळ अडल्यावर दार वाजवू नये. काम मिळाल्यास आधी त्यांना कळवावे. आपल्या उपयोगाची नसलेली जागा शेजारच्या मुलास सांगावी. (आपल्याकडे ती लपविण्याचीच रीत फार!)

धंदा करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून 4 टक्के खरेदीची तरतूद आहे. पण खरेदी अधिकाऱ्यास आपला माल ठाऊक तर हवा! अशा बांधवांनी आपले नाव व काम विहारात एका वहीत नोंदवून ठेवावे, म्हणजे एकमेकांस शोधणे सोपे जाईल.